साठी, पेन्शन आणि बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांतून इतक्या सहजपणे वापरली जाते की, ती खरी आहे की खोटी याची चौकशी करण्याची गरज कोणास वाटत नाही. आजोबांनी चष्मा हरवला की ती म्हण निघते. आजीने एकच गोष्ट दोनदा सांगितली की ती निघते. पुष्कळदा तर वृद्ध माणसेच ती स्वतःविषयी हसत हसत वापरतात आणि मग हळूहळू तिच्यावर विश्वास ठेवू लागतात. परंतु म्हण म्हणजे पुरावा नव्हे. सेवानिवृत्तीनंतर माणसाची बुद्धी खरोखरच मंदावते काय, आणि मंदावत असेल तर ती वयामुळे की कामाविना राहिल्यामुळे, हा प्रश्न इतिहासाच्या आधाराने तपासून पाहण्याजोगा आहे. आज तो आपण तसा पाहू.

प्रथम ‘साठ’ हा आकडा आला कोठून ते पाहावे. वृद्धापकाळी घरबसल्या पैसे मिळावेत अशी कायद्याने केलेली व्यवस्था फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८९ साली वृद्धत्वाच्या विम्याचा कायदा झाला. त्यात पेन्शनसाठी ७० वर्षांची मर्यादा होती. ती ६५ वर आली १९१६ साली. गमतीची गोष्ट ही की, कायदा झाला तेव्हा बिस्मार्क स्वतः ७४ वर्षांचा होता आणि सर्व राज्ययंत्र त्याच्याच हाती होते. आपल्याकडे पेन्शनसंबंधीचा कायदा इंग्रज सरकारने १८७१ साली केला. पुढे कित्येक वर्षे सरकारी नोकर पंचावन्नाव्या वर्षी घरी जात असे. केंद्र सरकारने ही मर्यादा १९६२ साली ५८ केली आणि १९९८ साली ६०. मध्य प्रदेश शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ती २०१८ साली ६० वरून ६२ वर नेली.

या आकड्यांकडे थोडे लक्ष देऊन पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. हे आकडे वैद्यांनी मेंदू तपासून ठरविलेले नाहीत. खजिन्यात पैसा किती आहे, नव्या मुलांना नोकऱ्या किती द्यावयाच्या आहेत, माणसे सरासरीने किती वर्षे जगतात, या हिशेबांतून ते ठरलेले आहेत. आमच्या रामाकोन्याच्या बाजूला हे फार स्पष्टपणे दिसते. रामाकोना आज पांढुर्णा जिल्ह्यात आहे. हा जिल्हा २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून झाला. येथून दक्षिणेस थोडे गेले की महाराष्ट्राची सीमा लागते आणि नागपूर जिल्ह्यातील सावनेर तालुका सुरू होतो. बोली तीच, संत्र्याच्या बागा त्याच, सोयरिकी दोन्हीकडे. परंतु सीमेच्या पलीकडचा शाळामास्तर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो आणि अलीकडचा ६२ व्या वर्षी. दोघे सख्खे भाऊ असले तरी हाच नियम. तेव्हा अलीकडच्या भावाची बुद्धी चार वर्षे अधिक टिकते असे कोणी म्हणणार नाही. नियमाने माणसाची नोकरी संपते. बुद्धी संपत नाही.

मग निवृत्तीनंतर बुद्धीचे होते तरी काय? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासात अण्णासाहेब कर्व्यांच्या चरित्रात मिळते. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ सालचा. १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले आणि १९१४ साली तेथून निवृत्त झाले. त्यावेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. हिंगण्याचा आश्रम उभा राहिला होता, विधवांच्या शिक्षणाचे कार्य मार्गी लागले होते. दुसऱ्या कोणी मनुष्याने म्हटले असते, आता पुरे. कर्व्यांच्या हाती काही वर्षांपूर्वी जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली होती. ती कल्पना त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतली आणि १९१६ साली, ५८ व्या वर्षी, महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२९ साली, ७१ व्या वर्षी, ते परदेशाच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका, जपान आणि पुढे आफ्रिका असा तो प्रवास होता; आपल्या विद्यापीठाविषयी बोलणे आणि त्यासाठी निधी मिळविणे हा त्याचा हेतू. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, खेड्यांतून प्राथमिक शिक्षण पोहोचविण्यासाठी त्यांनी संस्था काढली. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, समता संघ काढला. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा ते शंभरीत होते. आणि १९६२ साली त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी सरकारने निवृत्तीचे वय ५५ वरून ५८ केले.

हा कालक्रम नीट पाहावा. कर्व्यांनी जुन्या कामाचीच घोकणी केली नाही. निवृत्तीनंतर त्यांनी जे जे केले, ते प्रत्येक वेळी नवे होते. गणिताच्या प्राध्यापकास विद्यापीठाची घटना तयार करावी लागली. सत्तरी ओलांडलेल्या माणसास परक्या देशांत परक्या लोकांपुढे भाषणे करावी लागली. नवी नावे, नवे चेहरे, नवे हिशेब रोज समोर येत होते. प्रत्येक कामाची वाट पाहणारे कोणीतरी होते, आणि जाब विचारणारेही होते.

दुसरे उदाहरण आमच्या भागाला अधिक जवळचे आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म १८९३ साली कोकणात झाला. परंतु त्यांचे कार्यक्षेत्र नागपूर आणि विदर्भ. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात ते संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या काळात सरकारी महाविद्यालयातील नोकरी पंचावन्नाच्या सुमारास संपत असे. पण त्यांचे जे मोठे ग्रंथ आज अभ्यासक उघडतात, ते कधी प्रसिद्ध झाले पाहा. कलचुरी-चेदि संवताच्या कोरीव लेखांचा संग्रह १९५५ साली, म्हणजे वयाच्या ६२ व्या वर्षी. वाकाटकांच्या लेखांचा संग्रह १९६३ साली, वय ७०. शिलाहारांच्या लेखांचा संग्रह १९७७ साली, वय ८४. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्यावरील ग्रंथ १९८१ साली, वय ८८.

वाकाटकांच्या या संग्रहात आमच्या पांढुर्ण्याला सापडलेला, दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपटही आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे ते लेखन. अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेट्या असलेली ती लिपी वाचावयाची म्हणजे एकेक अक्षर ओळखावे लागते; गंजाने खाल्लेल्या ठिकाणी मागचापुढचा संदर्भ जुळवावा लागतो; गावांची जुनी नावे आजच्या नकाशावर शोधावी लागतात; आणि आधीच्या विद्वानांचे वाचन चुकले असेल तर ते पुराव्याने दाखवून द्यावे लागते. स्मरण, तर्क आणि चिकाटी या तिन्ही गोष्टींची येथे परीक्षा असते. साठीनंतर बुद्धी नाठी होत असती तर हे काम मिराशींच्या हातून झाले नसते. त्यांच्यासारखेच पांडुरंग वामन काणे. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा ते पन्नाशीत होते. शेवटचा भाग १९६२ साली निघाला, तेव्हा ८२ वर्षांचे होते. सहा हजारांहून अधिक पानांचा हा ग्रंथ त्यांनी बहुतांशी उतारवयात पुरा केला.

येथे कोणी विचारी वाचक आक्षेप घेईल, आणि तो योग्यही आहे. कर्वे, मिराशी, काणे ही असामान्य माणसे. त्यांची बुद्धी मुळातच बळकट होती म्हणून ती काम करू शकली. काम केले म्हणून बुद्धी टिकली असे कशावरून? शिवाय इतिहास ज्यांची नावे ठेवतो, तेवढ्यांचीच उदाहरणे आपण देतो. त्याच काळी निवृत्त होऊन दोन-चार वर्षांत विस्मृतीत बुडालेल्या शेकडो कारकुनांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. म्हणून मोठ्या माणसांच्या चरित्रांवरून नियम काढता येत नाही. त्यासाठी सामान्य माणसांची मोजणी हवी, आणि सुदैवाने गेल्या काही वर्षांत ती झाली आहे.

लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांचा एक दीर्घ अभ्यास १९८५ सालापासून चालू आहे. व्हाइटहॉल या नावाने तो ओळखला जातो. त्यातील ३४३३ माणसांच्या निवृत्तीआधीच्या १४ वर्षांपर्यंतच्या आणि नंतरच्या १४ वर्षांपर्यंतच्या चाचण्या तपासून २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शब्द ऐकून लक्षात ठेवण्याची शक्ती निवृत्तीनंतर आधीपेक्षा ३८ टक्के अधिक वेगाने कमी होऊ लागते, असे आढळले. तर्क करण्याच्या आणि इतर शक्तींत मात्र निवृत्तीमुळे असा स्पष्ट फरक दिसला नाही. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. वरच्या हुद्द्यावरील माणसांची स्मरणशक्ती नोकरीत असेपर्यंत अधिक टिकून होती. निवृत्तीनंतर तो हुद्दा उपयोगी पडला नाही. साहेबाची खुर्ची सुटली की साहेबाचे स्मरणही शिपायाच्या पंक्तीला येऊन बसते.

२०१० साली रोहवेडर आणि विलिस या दोन अभ्यासकांनी अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातील अकरा देश यांची तुलना केली. ज्या देशांत माणसे लवकर निवृत्त होतात, तेथे साठीच्या सुरुवातीच्या वयात स्मरण अधिक घसरलेले दिसले. फ्रान्समध्ये स्वतःचा व्यवसाय करून निवृत्त झालेल्या चार लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी तपासल्या गेल्या. निवृत्ती जितकी उशिरा, तितका स्मृतिभ्रंशाचा संभव थोडा थोडा कमी, दर वर्षामागे सुमारे तीन टक्के, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. चीनने २००९ साली खेड्यांतील वृद्धांसाठी नवी पेन्शन सुरू केली. ती मिळू लागलेल्या भागांत वृद्धांची झोप सुधारली, दारूही काहीशी कमी झाली. परंतु थोड्या वेळापूर्वी ऐकलेले आठवण्याची शक्ती मात्र कमी झालेली आढळली.

याचा अर्थ निवृत्ती वाईट आणि माणसाने मरेपर्यंत नोकरी करावी, असा कोणी काढू नये. सर्व अभ्यासांचे एकमत नाही. अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांना निवृत्तीने अपाय होत नाही, उलट थोडा लाभही होतो, असे अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले आहे. आणि ते पटण्यासारखेही आहे. ज्याचे शरीर कामाने झिजले आहे, त्याला विश्रांती मिळाली तर त्याचा मेंदूही सुखावणार. ज्याला कामाचा केवळ जाच होता, त्याला सुटका हीच संजीवनी. पेन्शनविषयी तर शंकाच नको. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची भीक नव्हे. तो सेवकाचा हक्क आहे. पोटाची चिंता मिटणे ही बुद्धीच्या स्वास्थ्याची पहिली पायरी होय.

तेव्हा दोष पेन्शनचा नाही. तो शोधावयाचा तर नोकरी माणसाकडून नकळत काय काय करून घेत होती ते पाहावे. शाळामास्तराचे उदाहरण घ्या. दर जूनमध्ये त्याला चाळीस-पन्नास नवी नावे पाठ करावी लागत. रोज ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी हजर राहावे लागे. आडमुठ्या मुलाला समजेल अशी नवी तऱ्हा शोधावी लागे. मुख्याध्यापकांशी वाद घालावा लागे. पालकांना उत्तर द्यावे लागे. ही सर्व बुद्धीची मशागत होती, आणि तिच्यासाठी त्याला वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात, आणि दुसऱ्या सकाळी ही मशागत एकदम थांबते. शेत दोन वर्षे पडीक राहिले तर जमीन नाहीशी होत नाही, परंतु तिच्यात कुंदा आणि हराळी माजते. बुद्धीचेही तसेच आहे. आणि पडीक जमीन पुन्हा नांगरता येते, हेही तितकेच खरे.

श्रोतेहो, आपल्या समाजात निवृत्ती ठाऊकच नसलेला फार मोठा वर्ग आहे. रामाकोना, सौसर, पांढुर्णा या पट्ट्यातील शेतकऱ्याला कोणी निवृत्तीचा हुकूम देत नाही. संत्र्याचा आंबिया बहार धरावा की मृग, झाडांना ताण किती दिवस द्यावा, पाणी केव्हा सोडावे, व्यापाऱ्याला बाग कोणत्या भावाने द्यावी, हे निर्णय सत्तरीचा म्हातारा घेत असे आणि त्याचा शब्द चालत असे. परंतु त्यालाही एक अघोषित निवृत्ती असते. मुलगा कर्ता होतो, भाव फोनवर कळू लागतात, आणि एके वर्षी बागेचा सौदा म्हाताऱ्याला न विचारता होतो. त्या दिवशी त्याच्या हातात पेन्शनचा कागद पडत नाही, पण निवृत्ती झालेली असते. त्यानंतर तो ओसरीवर बसतो, आणि वर्ष-दोन वर्षांत घरची माणसे म्हणू लागतात, बाबांच्या काही लक्षात राहत नाही. लक्षात ठेवावे असे त्यांच्यापुढे आपण काय ठेवले, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

घरातील स्त्रीची गोष्ट आणखी वेगळी. तिला निवृत्ती नाही, पेन्शन नाही आणि रजाही नाही. अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना बाया कर्वे म्हणत, या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. आयुष्यभर संसार आणि आश्रम यांची कामे त्यांनी केली. पंचाहत्तरी उलटल्यावर, १९४४ साली, त्यांचे ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पतीचा गौरव जगाने केला. परंतु या बाईंच्या स्मरणाची आणि स्पष्टवक्तेपणाची साक्ष त्या एका पुस्तकाने कायम ठेवली. आपल्या घराघरांतून असे एकेक पुराण आहे. ते विचारणारा आणि लिहून घेणारा मात्र भेटत नाही.

एक सावधगिरीची सूचना येथे केलीच पाहिजे. म्हातारपणीचा प्रत्येक विसर हा रिकामपणाचा परिणाम नसतो. स्मृतिभ्रंश हा रोग आहे. भारतातील साठीवरील माणसांत त्याचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे रुग्ण सुमारे ८८ लाख, असा अंदाज देशव्यापी पाहणीवरून २०२३ साली प्रसिद्ध झाला. ओळखीच्या वाटेवर चुकणे, व्यवहारातील पैसे न कळणे, स्वभाव एकाएकी पालटणे, ही लक्षणे दिसली तर म्हण सांगून हसू नये, डॉक्टरांकडे न्यावे. अशा माणसाला ‘तुम्ही डोके वापरीत नाही’ असे ऐकविणे हा अन्याय आहे. तसेच, कमी ऐकू येणे, मोतीबिंदूने कमी दिसणे, वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा यांमुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली नमूद केले आहे. त्या यादीत बालपणी शिक्षण कमी मिळणे हेही एक कारण आहे. म्हणजे आज गावच्या शाळेत मुलगी टिकविणे ही साठ वर्षांनंतरच्या तिच्या म्हातारपणाचीही तरतूद आहे.

मग करावयाचे काय? कर्वे आणि मिराशी यांच्यासारखे होणे सर्वांना शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. परंतु त्यांच्या उत्तरायुष्यात ज्या तीन गोष्टी होत्या, त्या लहान प्रमाणावर कोणत्याही गावात मिळू शकतात. काम थोडे नवे असावे. ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे असावे. आणि ते झाले की नाही हे विचारणारा कोणी असावा. एकट्याने शब्दकोडी सोडविणे वाईट नाही. पण ठरल्या दिवशी चार मुले गणित शिकावयास येऊन बसतात तेव्हा म्हाताऱ्या मास्तरांना आदल्या रात्री पुस्तक उघडावेच लागते. हा तगादा हेच खरे औषध आहे.

आमच्या सीमेवरील गावांत तर असे काम पुष्कळ पडले आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यावेळी शाळेत असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. नागपूर-छिंदवाडा ही लहान रेल्वेगाडी रामाकोन्यावरून जात असे. रुंद मार्गासाठी ती २०१५ साली बंद झाली. तिच्यावर ज्यांनी आयुष्यभर प्रवास केला, ती माणसे अजून आहेत. कोणत्या शाळेत मराठीचे वर्ग केव्हा होते, संत्र्याची कलमे कोणत्या वाटेने आली, विहिरींचे पाणी कोणत्या वर्षी आटले, ही माहिती त्यांच्याजवळच आहे. शाळेतील मुलांनी वहीपेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावे आणि विचारावे. आजोबांनी सांगितलेले साल आजी खोडून काढील, शेजारचे काका तिसरेच सांगतील. मग जुनी कागदपत्रे काढून पडताळावी लागतील. मिराशींनी ताम्रपटांवर जे केले, तेच हे लहान रूपात. यात मुलांना इतिहास मिळेल, आणि सांगणाऱ्यांना आपल्या स्मरणाचा कोणाला तरी उपयोग आहे हे कळेल.

वयाबरोबर बुद्धीत काही फरक पडतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नावे उशिरा आठवतात, हिशेबाला वेळ लागतो. पण साठ हा आकडा सरकारी खजिन्याने ठरविलेला आहे, आणि म्हण आपण ठरविलेली आहे. खजिन्याचा आकडा आपल्या हाती नाही. घरातील वडीलधाऱ्यांना उद्याच्या एखाद्या निर्णयात सल्ला विचारावा, आणि त्यांनी तो दिला तर तो मनापासून ऐकावा, एवढे मात्र आपल्या हाती निश्चित आहे.